डबीतलं ऊन

काउंटरवर दिवसभर उभं राहिलं की पाय सुजतात आणि किस्से साठतात. पायांना गरम पाण्यात बुडवता येतं, किश्शांचं काय करायचं? आई होती तोवर रोजचा किस्सा रोज संपायचा. ती मेथी निवडत ऐकायची आणि शेवट आवडला नाही तर म्हणायची, "हे तू घुसडलंस." आता कळव्याच्या घरात मी एकटीच असते. दार उघडून पंखा लावते, टीव्ही लावते, आणि मग सांगायला कोणी नाही. म्हणून हे एवढे साठलेत. तुम्ही बसलाच आहात तर ऐका.

मी घोडबंदर रोडच्या एका मॉलमध्ये मेकअपच्या दुकानात आहे. माझ्याकडे ब्राँझरचा काउंटर. ब्राँझर म्हणजे तपकिरी रंगाची डबी. ती गोरं करत नाही. चार दिवस उन्हात फिरून आल्यावर चेहऱ्यावर जो तांबूसपणा येतो ना, तो या डबीतून लावून मिळतो. आपल्याकडे बायका ऊन लागू नये म्हणून स्कूटरवर तोंडाला ओढणी गुंडाळतात. त्यांना हे विकायचं, ही माझी नोकरी.

*

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. इथल्याच गावातली एक आजी सुनेबरोबर आलेली. नऊवारी, कानात सोन्याच्या जाड कुड्या. जिथे आज मॉलचं पार्किंग आहे त्याच्या मागे कधीतरी त्यांची भातशेती होती, असं सून सांगत होती. सुनेला मी गालावर ब्राँझर लावून दाखवत होते, आणि आजी अगदी जवळ येऊन बघत होती.

"ह्या कसला गो?"

मी समजावलं. "आजी, हे लावलं की ऊन लागल्यासारखं दिसतं."

आजीने सुनेच्या गालाकडे पाहिलं, मग आरशात स्वतःकडे. "आमी मिठागरान कामाला जावाचो. पोरी होतो तवापासून. असाच दिसायचा त्वांड."

सून ओशाळली. "आई, चला ना."

आजी हलली नाही. तिने डबी हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि मला विचारलं, "किती येल रेतं?"

"सात-आठ तास टिकतं, आजी."

तिने डबी परत ठेवली. "मंग आमचाच बरा. अजून गेला नाय."

*

एक साहेब आले. पन्नाशीचे, गळ्यात ऑफिसचं कार्ड. बायकोच्या वाढदिवसासाठी ब्राँझर पाहिजे होता. मुलगी हॉस्टेलला असते, तिने फोनवर सुचवलं होतं. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "मॅडमची स्किन कशी आहे? कोरडी की तेलकट?"

कोरडी असेल तर क्रीमचा द्यायचा, तेलकट असेल तर पावडरचा. एवढाच प्रश्न होता.

"उशीच्या अभ्र्यावर तेलाचे डाग असतात," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "पण ते डोक्याला लावायच्या तेलाचे असतील."

म्हटलं, असू दे, रंग सांगा. ब्राँझर आपल्या रंगापेक्षा एक-दोन शेड गडद लागतो, त्यामुळे मूळ रंग कळायला हवा. फोटो आहे का? त्यांनी फोन काढला आणि शोधायला लागले. मुलीचे फोटो होते, गणपतीचे होते, इडलीचे होते, सोसायटीच्या लिफ्टवर लावलेल्या नोटिशीचासुद्धा होता. बायकोचा नव्हता. "सगळे फोटो तीच काढते," साहेब म्हणाले.

शेवटी एक सापडला. मुलगी केक कापतेय आणि कडेला कोणाचा तरी हात. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला आणि माझ्यासमोर धरला. "ही तीच. कोपर तिचंच आहे."

कोपरावरून शेड देता येत नाही. मी म्हटलं, "नीट एक फोटो काढून आणा ना."

दोन-तीन दिवसांनी परत आले. फोटोत एक बाई खिडकीजवळ कुशीवर झोपलेली होती, तोंड किंचित उघडं, गालावर दुपारचा उजेड.

"जागी असताना काढू देत नाही," ते म्हणाले. "म्हणते, माझा कशाला?"

मी शेड काढून दिली. ते पैसे देऊन झाल्यावरही तिथेच उभे होते. त्या फोटोकडे बघत म्हणाले, "झोपल्यावर अशी दिसते, मला माहीतच नव्हतं. मी तिच्या आधी झोपतो."

*

कल्याणचा एक मुलगा आलेला. नवीन शर्ट, घाम पुसत पुसत. त्याच्या जुन्या मैत्रिणीचं त्या संध्याकाळी रिसेप्शन होतं, आणि तिने याला आमंत्रण दिलेलं. "असं दिसलं पाहिजे ताई, की मी एकदम मजेत आहे. गोव्याला वगैरे जाऊन आलोय."

मी त्याचं मनगट उलटं केलं. नसा हिरवट दिसल्या तर पिवळ्या-सोनेरी झाकेचा ब्राँझर शोभतो, निळ्या-जांभळ्या दिसल्या तर जरा करडेपणाकडे झुकणारा तपकिरी. याच्या नसा निळ्या. मी त्याप्रमाणे डबी काढली. त्याला ती आवडली नाही.

"ही शाळेच्या डेस्कसारखी दिसते." त्याने बाजूची नारिंगी डबी उचलली. "हा गोवा वाटतो."

मी सांगून पाहिलं, ऐकेना. शेवटी थोडासाच लावून दिला, तर डबी विकत घेऊन गेला आणि बहुतेक रिक्षात आणखी थापला असणार. दुसऱ्या दिवशी मेकअप काढायचं लोशन घ्यायला आला. कानाजवळ अजून नारिंगी होतं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"स्टेजवर गेलो. तिने बघितलं. तिचा चेहराच पडला." तो लोशनच्या बाटलीचं झाकण फिरवत होता. "म्हणाली, अरे, तुला कावीळ झालीय का?"

"मग?"

"नवऱ्याला सांगितलं तिने, याला साधा वरण-भात वाढायला सांग. जेवणाच्या काउंटरवरच्या माणसाने वेगळा वाढून दिला."

"आणि तू?"

"जेवलो," तो म्हणाला. "बाजूला बसलेली ती. अख्खं जेवण होईपर्यंत."

*

आता स्नेहलचा. स्नेहल माझ्याबरोबर काउंटरवर होती, डोंबिवलीच्या मानपाड्याची. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचं तिच्या मनात होतं, त्यामुळे दुकान रिकामं असलं की ती माझ्या तोंडावर हात साफ करायची. ब्राँझर लावायची सोपी खूण ट्रेनिंगमध्ये शिकवलेली: ब्रश झटकायचा आणि चेहऱ्याच्या कडेने तीनचा आकडा काढायचा. कपाळाच्या कडेला सुरू, आत गालाच्या हाडावर, मग बाहेर आणि खाली जबड्यावर. म्हणजे जिथे ऊन पडतं आणि जिथे सावली पडते, दोन्ही आलं.

ट्रेनर होती इंग्रजीवाली. तिचा तीन इंग्रजी. आमची स्नेहल मराठी शाळेतली. तिने माझ्या दोन्ही गालांवर मराठी तीन काढला, शेपटीसकट, मानेपर्यंत. तोही सगळ्यात गडद शेडने. सुटायची वेळ झालेली, पुसणार तेवढ्यात काचेतून ठाणे स्टेशनची बस दिसली, आणि मी तशीच पळाले.

बसमध्ये कोणी काही बोललं नाही. पुढे रिक्षात शेजारी एक बाई बसलेली, तीही काही बोलली नाही. भाजीवाल्याने कोथिंबीर दिली, किराणावाल्याने सुटे दिले, वॉचमनने मान हलवली. घरी येऊन मी चहा केला, पडदा लावला, पांघरुणाच्या घड्या केल्या. मग तोंड धुवायला गेले आणि आरशात बघून दचकले. एवढ्या वेळात एकाही माणसाने माझ्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या काकू दारात. "काल तुझ्याकडे कोण आलेलं गं? कुलूप उघडताना पाहिलं मी. तुझ्यासारखीच, पण रंगाने जरा डावी. बहीण का?"

मला बहीण नाही. पण काकूंनी इतक्या दिवसांनी काही विचारलं होतं.

"हो, बहीण," मी म्हटलं.

"राहिली नाही?"

"नाही. तोंड धुतलं आणि गेली."

*

पुढे स्नेहलने नोकरी सोडली. मानपाड्याला स्वतःचं छोटं पार्लर काढलं. तिच्या जागी कोणी आलं नाही. दुपारचा डबा आम्ही दोघी स्टॉकरूममध्ये उलट्या खोक्यावर ठेवून खायचो. आता तेवढ्या खोक्यावर माझ्या एकटीचा डबा फार लहान दिसतो.

पार्लर उघडल्यावर तिचे फोन सुरू झाले. भर कामात. "ताई, कोरड्या चेहऱ्यावर पावडरवाला चालेल का?"

"नाही गं. क्रीम लाव. बोटांनी थोपट, घासू नको."

परत फोन. "ताई, नवरीची त्वचा तेलकट आहे."

"मग पावडर. आधी टिश्यूने टिप. हलका हात, गरज वाटली तर दुसरा थर."

एकदा विचारते, "ताई, ब्रश झटकायचा ना आधी?"

आता हे मीच तिच्याकडून हजारदा करून घेतलेलं. म्हटलं, "स्नेहल, तुला हे सगळं येतं."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. दुसरं कोणी असल्याचा येत नव्हता.

"येतं," ती म्हणाली. "आज कोणी आलंच नाही, म्हणून विचारलं."

*

आणि आता वैद्यबाईंचा.

वैद्यबाई भूगोलाच्या शिक्षिका होत्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मॉलसमोरच्याच टॉवरमध्ये राहतात, वरच्या कुठल्यातरी मजल्यावर, एकट्या. गुडघे गेलेले. मुलगा कॅनडात. पहिल्यांदा आल्या तेव्हा काठी काउंटरला टेकवून अगदी शुद्ध मराठीत म्हणाल्या, "उन्हातून फिरून आल्यासारखं दिसेल असं आपल्याकडे काही आहे का?"

इतक्या वर्षांत मी काही न समजावता, ब्राँझरचं नावही न घेता ब्राँझर मागणारं या वयाचं हे पहिलंच गिऱ्हाईक.

मी त्यांना उंच स्टूलवर बसवलं. त्वचा कोरडी, पातळ. पावडर सुरकुत्यांत बसली असती, म्हणून क्रीम घेतलं, बोटांवर जरा गरम केलं आणि गालावर थोपटलं. कपाळाकडे गेले तर त्यांनी हात धरला.

"कपाळ सोड. मी टोपी घालते."

"कुठे, बाई?"

"सहलीला," त्या म्हणाल्या, आणि मग सगळं सांगितलं. मुलगा दर फोनला म्हणायचा, आई, घरात बसू नकोस, लोकांत मिसळ, फिर. गुडघ्यांचं सांगितलं असतं तर तो काळजी करत बसला असता. म्हणून एकदा त्यांनी ठोकून दिलं की ज्येष्ठ नागरिकांचा एक ग्रुप आहे आणि आम्ही सहलींना जातो. तेव्हापासून तो व्हिडिओवर चेहरा बघायचा. "म्हणाला, आई, तू फिरलेली दिसत नाहीस."

त्यानंतर दर मंगळवारी दुपारी येऊ लागल्या. मंगळवारी दुकान ओस असतं. मी आधीच क्रीमची डबी काढून ठेवायचे आणि स्टूल पुसायचे. त्या बसल्या की मी विचारायचे, "आज कुठे?"

"महाबळेश्वर. थंड हवा आहे, लोकांना वाटतं ऊन लागत नाही. पण उंचावर लागतं. नाकाच्या शेंड्यावर दे थोडं."

कधी "पाचगणी, पण ढग होते," म्हणजे जेमतेम. कधी गणपतीपुळे. "कोकणातलं ऊन दमट. चेहरा चकाकला पाहिजे." मी शिकवल्याप्रमाणे तीनचा आकडा काढायला गेले तर म्हणायच्या, "सूर्य आकडे काढत नाही, बाळ." हळूहळू मीच गावं सुचवायला लागले. घरी रात्री नकाशा बघायचे. मी स्वतः कधी कुठे गेलेली नाही.

गेल्या मंगळवारी आमचं तारकर्ली ठरलेलं. समुद्राचं ऊन, म्हणून गाल, नाक, हनुवटी, गळ्यालाही थोडं. माझी बोटं त्यांच्या गालावर असतानाच पर्समध्ये फोन वाजला. मुलाचा व्हिडिओ कॉल. एरवी तो संध्याकाळी करतो, त्या दिवशी का कोण जाणे लवकर केला. त्या घाबरल्या, आणि घाबरूनच बोट हिरव्या बटणावर पडलं.

स्क्रीनवर चाळिशीचा माणूस, मागे स्वयंपाकघर, खिडकीबाहेर पहाटेच्या अंधारात बर्फ. इकडे आम्ही दोघी. आमच्या मागे कंपनीचं मोठं पोस्टर, त्यात निळा समुद्र. मॉडेल नेमकी माझ्या डोक्यामागे झाकलेली.

"आई, कुठे आहेस?"

"तारकर्ली," बाई म्हणाल्या. आवाज अजिबात हलला नाही.

तेवढ्यात मॉलच्या स्पीकरवर सूचना सुरू झाली. बेसमेंटमध्ये कोणाची तरी पांढरी गाडी वाट अडवून उभी होती, मालकाने ती ताबडतोब हलवावी. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मुलगा सूचना संपेपर्यंत थांबला.

मग म्हणाला, "तुझ्याबरोबर कोण आहेत?"

"आमच्या ग्रुपमधली आहे."

त्याने माझ्याकडे बघून नमस्कार केला. माझ्या बोटांना क्रीम होतं, तसेच मी हात जोडले.

"ताई," तो म्हणाला, "जरा लक्ष ठेवा हं तिच्याकडे. पाण्यात फार आत जाते ती."

मी म्हटलं, "ठेवते."