फिरकीआजी आणि फिरतं टेबल

गल्लीतले सगळे त्यांना फिरकीआजी म्हणतात. पाइप फिरवतात म्हणून, आणि आल्यागेल्याची फिरकी घेतात म्हणूनही. वय अडुसष्ट, उंची माझ्या खांद्याइतकी. त्यांच्या सुनेचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. वरच्या खोलीत मी भाड्याने राहते. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात आवाजाची तक्रार करायला खाली गेले होते. आजींनी स्टूल पुढे सरकवलं आणि चहा दिला. तक्रार राहून गेली. त्याला आता दोन वर्षं झाली.

वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली. पुढे शटर, मागे नळ, मधे लोखंडी टेबल. टेबलावर जुन्या बेअरिंगांचा एक स्टँड होता. त्यावर गोल वस्तू ठेवली की ती हाताने फिरवता यायची. गोल जोड करताना वेल्डरने एका जागी बसावं आणि वस्तू त्याच्यासमोरून फिरत जावी, हे सगळ्यात सोपं. फक्त फिरवायला कुणीतरी लागतं. आधी आजोबा वेल्डिंग करायचे आणि आजी फिरवायच्या. मुलाला ट्रक चालवायचा होता, म्हणून आजोबांनी सुनेला शिकवलं. पुढे आजोबा गेले. सून वेल्डिंग करू लागली. आजी फिरवत राहिल्या.

फिरवताना त्या भिंतीकडे तोंड करून बसत, डोळे मिटून. सुरुवातीला घरात एकच मास्क होता आणि तो आजोबांच्या तोंडावर असायचा. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी बघितला तर नंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. म्हणून आजी न बघता फिरवायला शिकल्या. पुढे मास्क आले. भिंत काही सुटली नाही.

सुनेला मी ताई म्हणते. ताईचा जोड बघायला दुसऱ्या गल्लीतले वेल्डर यायचे. घट्ट घातलेल्या वेणीसारखा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकसारखा. बोट फिरवून बघायचे आणि म्हणायचे, पोरीला हात आहे. आजी भिंतीकडे बघतच म्हणायच्या, "बोट काढा. रंग अजून लावायचाय."

यंदा आजींचा उजवा खांदा गेला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी ताईने त्यांना डाव्या हाताने केस विंचरताना पाहिलं, तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, हाताने काही रेटायचं नाही, ओढायचं नाही.

त्याच सुमारास पंपवाला आला. रंग फवारायचे पंप बनवणारा. त्याला बादलीएवढ्या छोट्या टाक्या हव्या होत्या, प्रत्येकीला दोन गोल जोड. आधी सहा टाक्या नमुन्याला. एकीतूनही हवा गळली नाही तर दर आठवड्याला चाळीस.

ताईने दुकानातलं सगळ्यात स्वस्त रोटरी पोझिशनर आणलं. नाव भारदस्त, वस्तू साधी. ताटाएवढं फिरतं टेबल, खाली मोटर, वेग कमीजास्त करायचं बटण आणि पायाने दाबायचा स्विच.

आजींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"हे काय?"

"फिरवायचं मशीन, आई. तुमच्या खांद्याला आराम."

"बोलतं का?"

"नाही."

"मग तुला बरंच आहे."

त्या दिवशी दुपारी आजी जिना चढून माझ्या खोलीत आल्या. खाटेच्या कडेला बसल्या. इकडेतिकडे बघितलं.

"तुझ्याकडे काही फिरवायचं आहे का?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"उद्यापासून मी खाली जाणार नाही," त्या म्हणाल्या. "कामाशिवाय स्टूल अडवून बसणाऱ्या बाया मला आवडत नाहीत. मी स्वतःलाच आवडेनाशी होईन."

मी चहाचं आधण ठेवलं.

खालून ताईने हाक मारली. मी साहित्यातली पदवीधर, म्हणून मशीनबरोबर आलेलं पुस्तक तिला माझ्याकडून वाचून हवं होतं. "तू एवढी पुस्तकं वाचलीस. हे एक वाच." पुस्तकाची भाषा कुणी तरी घाईने उरकली होती. 'मेज आनंदाने गोल होईल, वेग हवा तसा मागावा' असं एक वाक्य होतं. आजी माझ्या मागून उतरल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माग बाई, वेग माग."

ताईने टाकीऐवजी पाइपचा टाकाऊ तुकडा टेबलावर आवळला. मास्क खाली केला, पाय दाबला. मेज आनंदाने गोल झालं. फेरी संपली आणि ताईने मास्क वर केला. जोड एका बाजूला फुगला होता, दुसऱ्या बाजूला चिरमटला होता. शिकाऊ माणसाने केल्यासारखा.

"स्वस्तातलं आहे," ताई म्हणाली. "वेग हलतोय."

तिने बटण थोडं फिरवलं. दुसरा तुकडाही तसाच. तिसरा त्याहून वाईट. पाचव्या तुकड्यानंतर तिने हातमोजे काढून आपटले. आजी शटरपाशी उभ्या होत्या. खूश झाल्या असतील असं मला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा पडला होता. पंपवाला पाच दिवसांनी येणार होता.

ताई मला म्हणाली, "फोनवर वेळ लाव. बघू किती हलतंय."

मी फिरत्या टेबलावर खडूने चार रेघा मारल्या आणि पाव फेरीला किती वेळ लागतो ते बघत बसले. तेरा सेकंद. तेरा. तेरा. तेरा. दहा फेऱ्या बघितल्या. मशीन एक सेकंदही इकडचं तिकडे झालं नाही.

"मशीन बरोबर आहे," मी म्हणाले.

"मग चुकतंय कोण?" ताईने विचारलं. वर्कशॉपमध्ये आम्ही तिघीच होतो.

ताईने जुना स्टँड ओढला आणि त्यावर तुकडा ठेवला. "आई, एकदाच फिरवा. डाव्या हाताने, हळू. खांदा दुखला की सोडून द्या."

आजी स्टुलावर बसल्या, भिंतीकडे तोंड करून. मी तुकड्यावरही खडूच्या चार रेघा मारल्या. मास्क लावून, रेघ समोर आली की फोन दाबत गेले.

ताईने मास्क वर केला. जोड तिच्या नेहमीच्या जोडासारखा होता. वेणीसारखा, कुठेही कमीजास्त नाही. मी फोनवरचे आकडे वाचले. अकरा. सोळा. बारा. चौदा.

आम्ही दोघी आजींकडे बघत राहिलो.

"काय झालं?" आजी म्हणाल्या. "बिघडलं का?"

"आई, तुम्ही मधे हळू का केलंत?"

"मी कुठे? तूच हळू झालीस."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही भिंतीकडे बघत होतात."

"आवाज बसला की. चांगलं चाललं असलं की कढईत तळण पडल्यासारखा आवाज येतो. तू मधे दम घेतेस. मग हात रेंगाळतो, आवाज जाड होतो. मी सांभाळून घेते. फटफट वाजायला लागलं की पुन्हा वेगळं."

"हे कधीपासून करताय?"

"तुझ्या सासऱ्यांपासून. ते तर मधे शिंकायचेसुद्धा."

"आणि सांगितलं नाहीत कधी?"

"त्यात काय सांगायचं? मला वाटलं, फिरवणारे सगळे असंच फिरवतात."

ताई खाली बसली, सरळ फरशीवर. मला वाटलं आता रडते. ती हसायला लागली, तेही थांबता थांबेना. "आणि लोक मला म्हणतात, हात आहे."

"आहे की," आजी म्हणाल्या. "अर्धा."

मी तिथेच उभी होते. माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, हे मी पुष्कळ वाचलं होतं. सेकंदांत मोजलेलं पहिल्यांदाच बघत होते.

ताई उठली. मशीनची बटणाची बाजू आजींकडे वळवली आणि स्टूल भिंतीकडे तोंड करून ठेवलं. "बसा."

"मशीनची चाकरी करू?"

"तुम्ही करायची नाही, त्याच्याकडून करून घ्यायची. फिरवेल ते. किती, ते तुम्ही सांगा."

आजींनी थोडे आढेवेढे घेतले. अगदी थोडे. मग बसल्या.

पहिल्या दिवशी काही जमलं नाही. बटणावर एक ते दहा आकडे होते. तीनपर्यंत मशीन ढिम्म हलायचं नाही आणि साडेतीनला एकदम धावत सुटायचं. "याला उठवावं लागतं," आजी म्हणाल्या. "माझ्या लेकासारखं आहे." बटण होतं शेंगदाण्याएवढं. आजींच्या बोटांना ते बारीक फिरवता येईना. कान सांगायचा एक, बोट करायचं भलतंच.

दुसऱ्या दिवशी त्या घरातून बरणीचं मोठं झाकण घेऊन आल्या. ताईने ते बटणावर चिकटवलं. आता झाकण दोन बोटं सरकवलं की बटण केसभर हलायचं. आजींनी लोखंडी टेबलावर कोपर टेकलं, डावा तळवा झाकणावर ठेवला, डोळे मिटले. खांद्याला काही कामच उरलं नाही. ठिणग्या उडाल्या, तळणाचा आवाज सुरू झाला. मधे तो थोडा जाड झाला. झाकण किंचित सरकलं. आवाज पुन्हा मोकळा झाला.

माझ्या कानाला तो फरक तेव्हा पहिल्यांदा कळला. दोन वर्षं मी त्याच आवाजाच्या डोक्यावर राहत होते.

पंपवाला ठरल्या दिवशी आला. सहा टाक्या रांगेत मांडल्या होत्या. नळाखाली मोठा टब भरला होता. त्याने पहिल्या टाकीला हवेची नळी लावली, हवा भरली आणि टाकी पाण्यात दाबली. आम्ही सगळे टबावर वाकलो. पाणी स्वस्थ होतं. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. आजी स्टुलावरच बसून होत्या. झाकणावरचा हात त्यांनी उचलला नव्हता. मशीन तर बंद होतं.

सहाव्या टाकीतून एक बुडबुडा वर आला. मग दुसरा.

पंपवाल्याने तोंडाने च्‍च केलं. ताईने बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि जोडावरून बोट फिरवत गेली. बुडबुडे बोटाजवळून येत नव्हते. नळी टाकीला जिथे लागते तिथून येत होते. तिने पाना घेतला आणि पाण्यातच नट आवळला. पाणी शांत झालं.

"नळी तुमची," आजी मागून म्हणाल्या. "जोड आमचा."

पंपवाला हसला. हात पुसत मशीनपाशी गेला. "झकास निघालं हे. मीही एक घेऊन टाकतो."

"घ्या," ताई म्हणाली. "पण बटणावर कुणाला बसवाल?"

त्याला ते कळलं नाही. त्याने वही उघडली. "बरं, रोज आठ टाक्या होतील ना?"

ताई आजींकडे वळली. "आई, होतील?"

आजींनी हिशेब केल्यासारखा वेळ घेतला. "होतील. पण दुपारी दोन ते तीन मी झोपते."

"झोपा की, आजी. मशीन चालूच राहील."

"राहील. गोल गोल फिरेल बिचारं."

पंपवाल्याने मदतीसाठी ताईकडे बघितलं.

"दोन ते तीन बंद," ताई म्हणाली. "लिहून घ्या."

त्याने लिहून घेतलं.