माळावरच्या गाठी

लोहाऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे वैजनाथ सर हा भला माणूस आहे, असं सगळा तालुका म्हणायचा आणि त्यात खोटं काही नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी खासगी शिकवणी घेतली नाही, प्रॅक्टिकलला कुणाला मुद्दाम अडवलं नाही, शिपायालाही कधी अरे-तुरे केलं नाही. फक्त एक नाव निघालं की सरांचं तोंड कडू व्हायचं. ते नाव अक्षदाचं.

अक्षदा त्यांचीच विद्यार्थिनी. मेंढरं राखणाऱ्या बिराप्पाची मुलगी. जीपमध्ये मिळेल त्या कोपऱ्यात दाटीवाटीनं बसून कॉलेजात यायची. अकरावीत असताना सरांनी एकदा हरभऱ्याचं रोप मुळासकट वर्गात आणलं, मुळांवरच्या गाठी दाखवल्या आणि सांगितलं, की या गाठींत जिवाणू राहतात, ते हवेतला नत्र झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. बाकीची पोरं वहीत उतरवून मोकळी झाली. ही मात्र मधल्या सुट्टीत येऊन उभी राहिली.

"सर, कोणता जिवाणू आत घ्यायचा ते झाडाला कसं कळतं?"

सरांना उत्तर येत नव्हतं. "पुढं शिकशील तेव्हा कळेल," असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. पोरगी खरोखरच पुढं शिकली. एम.एस्सी., पीएच.डी., मग चार वर्षं जर्मनीत, आणि आता बंगळुरूच्या एका संस्थेत तिची स्वतःची प्रयोगशाळा. झाडाचं आणि जिवाणूचं जमतं कसं, आणि त्या नादात जिवाणूची जनुकं बदलत कशी जातात, हाच तिचा विषय.

आता यात सरांच्या पोटात दुखायचं कारण काय? तर कारण असं, की हा विषय आधी सरांचा होता. एम.एस्सी.ला असताना त्यांनी आपल्याच माळाच्या वावरातल्या हरभऱ्यावर एक छोटा प्रबंध लिहिला होता. घराजवळच्या मळ्यात त्यांचे वडील बियाण्याला बाजारात मिळणारं जिवाणूंचं पाकीट लावून पेरायचे. वरच्या माळावर मात्र जन्मात कधी पाकीट गेलं नव्हतं. आणि गंमत अशी, की गाठी माळावरच्याच मोठ्या असायच्या. 'इथले जिवाणू इथलेच आहेत, वेगळे आहेत,' असं सरांनी लिहिलं. मार्गदर्शक म्हणाले, पुरावा काय? तेव्हा जिवाणूची सगळी जनुकं, म्हणजे जीनोम, वाचायची सोय कुठं होती! पुढं पीएच.डी.ला नाव घालायचं ठरलं, तेवढ्यात नोकरीची ऑर्डर आली. वडील थकलेले, धाकटा भाऊ धनाजी शाळेत. पीएच.डी. राहिली ती राहिलीच. माळाची गोष्ट मात्र ते वर्गात दर वर्षी सांगायचे.

मागच्या डिसेंबरात कॉलेजनं अक्षदाचं व्याख्यान ठेवलं. वनस्पती-जिवाणू संशोधन आणि त्यातल्या नोकऱ्या, असा विषय. ओळख करून द्यायचं काम प्राचार्यांनी हौसेनं सरांच्या गळ्यात मारलं. व्यासपीठावर येताच अक्षदा वाकली ती थेट सरांच्या पायाशी. हॉल टाळ्यांनी दणाणला. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोंडानं हसले, आणि मनात म्हणाले, टाळ्या हिच्या नम्रपणाला आहेत, माझ्या पायाला नाहीत.

बोलली मात्र झकास, हे सरांनाही नाकारता येईना. ती म्हणाली, "जिवाणू आपलं जनुक फक्त पोराबाळांनाच देतात असं नाही. शेजारणीकडून विरजण आणावं तसं शेजारच्या जिवाणूकडूनही घेतात." पोरं हसली. मग तिनं सांगितलं, की यात अर्धं काम चिखलात आणि अर्धं संगणकावर असतं. बियाण्यांच्या कंपन्या आहेत, माती तपासणाऱ्या संस्था आहेत, फेलोशिप आहे, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांनी घाबरायचं काही कारण नाही. शेवटी पडद्यावर एक वाक्य आलं: प्रत्येक शिवारातले जिवाणू वेगळे असू शकतात.

"हे मी सरांकडून शिकले," अक्षदा म्हणाली.

पुन्हा टाळ्या. सरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शिकली म्हणे! आपलंच वाक्य आपल्याच तोंडावर पंधरा फुटी पडद्यावर लावायचं आणि वर उपकार केल्यासारखं नाव घ्यायचं!

व्याख्यानानंतर ती घरी चहाला आली. सरांच्या पत्नीनं, अयोध्याबाईंनी, तिला कौतुकानं शेजारी बसवून घेतलं. "लई मोठी झालीस गं बाय," म्हणत तिच्या हातावरून हात फिरवला. सरांना तेही खुपलं. इतक्या वर्षांच्या संसारात आपल्या हातावरून असा हात फिरल्याचं त्यांना आठवेना.

"सर, तुमचं माळाचं वावर अजून तसंच आहे?" अक्षदानं विचारलं. "पाकीट कधीच न लावलेलं?"

"हाय की. जसंच्या तसं."

"मग मला तिथल्या गाठी द्याल? मला परवाच परत जायचंय. तुम्ही काढून पाठवल्या तरी चालेल. तुमच्या हातासारखा हात कुणाचा आहे?" असं म्हणून तिनं पिशवीतून झाकणाच्या वीस नळ्या काढल्या. तळाशी ओल शोषणारे निळे खडे, वर कापूस. सरांनी त्या मोजून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर कुदळ घेऊन निघाले. फाट्यावर आले आणि थबकले. वर गेलं की माळ, खाली वळलं की मळा. सरळ वर जायचं होतं. पण डोक्यात एकच चाक फिरत होतं: वावर माझं, शंका माझी, तीस वर्षं उराशी धरली मी. आता पुरावा निघणार, आणि नाव कुणाचं लागणार? बिराप्पाच्या पोरीचं. या शेवटच्या शब्दांची त्यांना लाज वाटली, पण पाय खालीच वळले. मळ्यातल्या हरभऱ्याच्या पानांवरल्या आंबट आंबेनं त्यांची बोटं चुरचुरली. पाकीट लावून वाढलेली रोपं त्यांनी अलगद उपटली, मुळं धुतली, गाठी कापून वीस नळ्यांत भरल्या आणि प्रत्येक नळीवर सुंदर अक्षरात लिहिलं: माळ.

परतताना त्यांना फार हलकं वाटत होतं. बघू आता, काय दिवे लावते!

सप्टेंबरात अक्षदाचा फोन आला. तिचा आवाज नुसता उड्या मारत होता.

"सर, माळावरच्या जिवाणूंमध्ये पाकिटातल्या जिवाणूंची जनुकं सापडली! सबंध तुकडाच्या तुकडा! पाकीट कधी गेलं नाही त्या वावरात ही जनुकं पोचली कशी?"

उत्तर सरांना ठाऊक होतं. "कशी?" एवढंच ते म्हणाले.

"मेंढरं, सर! बाबांची मेंढरं खतासाठी आधी तुमच्या मळ्यात बसायची, मग माळावर. खुरांना लागून माती वर गेली असणार. पेपर लिहिते आहे. त्यात तुमचं नाव घालते. सहलेखक म्हणून."

फोन ठेवून सर ओसरीवर बसले. हसावं की काय करावं, समजेना. तेवढ्यात शेती बघणारा धाकटा भाऊ, धनाजी, आला. कुणाचा फोन म्हणून त्यानं विचारलं, आणि सरांच्या तोंडून फुशारकी निघून गेलीच. आपलं नाव पेपरात येणार, पाकिटातले जिवाणू लई गुणाचे निघाले, बंगळुरूपर्यंत त्यांचा बोलबाला झाला, असं बरंच काही ते बोलले. धनाजीनं मन लावून ऐकलं.

नोव्हेंबरात मसुदा आला. इंग्रजीत, छापल्यासारखा. वर तीन नावं आणि त्यांतलं दुसरं आपलं. सरांनी ते पान कितीदा उघडून पाहिलं त्याला गणती नाही. अयोध्याबाईंना दाखवलं. कॉलेजात दाखवायला म्हणून प्रिंटही काढली, पण दाखवली नाही. सोबत एक कागद होता: 'या वावरात आजवर कधीही जिवाणू संवर्धक वापरलेले नाही.' संवर्धक म्हणजे तेच पाकीट. खाली सही करायची होती, वावराचे मालक म्हणून.

सही केली की नाव पक्कं. पण उद्या कुणी दुसऱ्यानं माळावर येऊन गाठी काढल्या, की अक्षदाचा पेपर खोटा, अक्षदा खोटी. एवढ्या कष्टानं कमावलेलं नाव मातीत. सरांनी तेही मनात चाखून पाहिलं. पडू दे तोंडावर, असं एकदा नाही, तीनदा वाटलं. दोन आठवडे कागद कपाटात तसाच पडून राहिला.

एका रविवारी त्यांनी मसुदा शेवटपर्यंत वाचला. अगदी शेवटी, आभाराच्या जागी, लिहिलं होतं: हे काम माझे वडील बिराप्पा आणि त्यांच्या मेंढरांच्या स्मृतीस.

बिराप्पा जाऊन चार वर्षं झाली होती. पोरीचं शिक्षण व्हावं म्हणून या माणसानं कळपातली निम्मी मेंढरं विकली होती, आणि दर वर्षी पेढे घेऊन पहिला सरांच्याच दारी यायचा. त्याच्या नावानं आपली लबाडी छापून येणार! सरांना बसवेना. त्यांनी फोन उचलला.

"अक्षदा, त्या गाठी माळावरच्या न्हाईत. मळ्यातल्या हाईत. म्या मुद्दाम तसं केलं."

मग ती म्हणाली, "आणि माळ? तो तसाच आहे ना, सर?"

"तसाच हाय. हरभरा महिन्याचा झालाय."

"परवा येते."

का केलं, हे तिनं विचारलं नाही. ती चिडली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी दोघं माळावर गेली. थंडी होती, हरभरा वीतभर वाढून दाट झाला होता. धनाजी तण काढत होता. पाहुणी बघून हात झटकत आला. अक्षदानं नळ्या बांधावर मांडल्या, हातमोजे चढवले आणि कुठल्याही वावरात विचारते तसं सहज विचारलं, "काका, बियाण्याला काय लावलं होतं?"

"पाकीट!" धनाजी तोंडभर हसला. "गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत वाळवून. सबंध वावराला लावलं. दरसाल मळ्यालाच लावायचो, पर ह्या बारीला दादाच म्हनले, पाकिटातलं जिवाणू लई गुणाचं हाईत, पार बंगळुरूला बोलबाला हाय. म्हनलं, मग माळालाच का उपाशी ठेवायचं?"

अक्षदानं हातमोजे सावकाश उतरवले. काय झालं ते सरांना तिच्याइतकंच कळलं होतं. पाकीट पडलं की तिथले जिवाणू त्याची जनुकं उचलतात, हे त्यांनीच भरलेल्या वीस नळ्यांनी सिद्ध केलं होतं. आता या वावरात काहीही सापडलं, तरी ते मूळचं होतं असं कुणीच म्हणू शकणार नव्हतं. सरांचं तीस वर्षांपूर्वीचं म्हणणं खरं होतं की खोटं, ते आता कधीच कळणार नव्हतं.

"माजं काय चुकलं का?" धनाजी गोंधळून म्हणाला.

"नाही काका, तुम्ही चांगलंच केलंत," अक्षदा म्हणाली. "पाणी मिळेल का थोडं?"

धनाजी कळशी आणायला झाडाखाली गेला. दोघं बांधावर बसली. मग तिनं विचारलं, "का केलंत, सर?"

"हेवा वाटला तुझा," सर म्हणाले. इतकी वर्षं जे स्वतःशीही उच्चारलं नव्हतं, ते किती सोपं निघालं! "तू कालेजात आलीस तवापास्नं वाटत आला. तुला उत्तर आलं, मला न्हाय आलं. जे माझं हुतं ते समदं तुझं झालं, असं वाटायचं."

अक्षदा खाली बघत नळ्या पिशवीत भरत होती. "मळ्यातल्या गाठींवर पेपर होईल," ती म्हणाली. "मळ्यातल्या म्हणूनच लिहू. चांगला होईल. तुमचं नाव राहील, गाठी तुम्हीच काढल्यात. बाबांचं मात्र काढावं लागेल, मेंढरांचा काही संबंधच उरला नाही." मग तिनं शेवटची नळी आत टाकली. "माळाचा पेपर वेगळा करायचा होता, सर. तुमचा जुना प्रबंध आणि हा जीनोम, दोन्ही मिळून. त्यात पहिलं नाव तुमचं असणार होतं, मुख्य लेखक म्हणून. संस्थेत माझं त्यावरून दोन महिने भांडण चाललं होतं. गेल्या आठवड्यात ते कबूल झाले."

सरांना काही तरी बोलायला हवं होतं. क्षमा मागायला हवी होती, बिराप्पाचं नाव घ्यायला हवं होतं, निदान गप्प तरी बसायला हवं होतं. पण हा हेवा मोठा निलाजरा. एवढं सगळं होऊन गेल्यावरही तोच पुढं सरसावला, आणि सरांना कळायच्या आत शब्द तोंडातून निसटले.

"मग आता ह्या मळ्याच्या पेपरात पहिलं कुणाचं?"

अक्षदानं त्यांच्याकडे पाहिलं. सतरा वर्षांची असताना मधल्या सुट्टीत उत्तराची वाट बघत पाहायची, तसंच.

"माझं, सर," ती म्हणाली.