नळी दोन्हीकडून साफ होते

बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधीपासून मी पुणतांब्याजवळच्या एका गावात ग्रामसेविका होते. नोकरीतलं माझं ते पहिलंच गाव. मी नगर शहरात वाढलेली, घरी रॉकेलचा स्टोव्ह. चुलीबद्दल जे काही ठाऊक होतं ते प्रशिक्षणात शिकलेलं. पण शिकलेलं सगळं बरोबरच असतं असं वाटण्याचं माझं वय होतं.

माझ्याआधीच्या बाईंनी गावात बऱ्याच निर्धूर चुली बसवून घेतल्या होत्या. मातीची चूल, तिला शेजारी दुसरं भांडं ठेवायला एक वैल, आणि मागच्या भिंतीतून माळवदावर गेलेली भाजक्या मातीची नळी. धूर घरात न कोंडता त्या नळीतून वर निघून जायचा. रजिस्टरात प्रत्येक घरापुढे बरोबरची खूण होती. पहिल्याच आठवड्यात मी ते रजिस्टर काखेत मारून घरोघर हिंडले. एका घरात नळीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबलेला होता. दुसऱ्या घरात नव्या चुलीवर कोंबडी अंड्यांवर बसवली होती आणि स्वयंपाक शेजारी तीन दगडांवर चालला होता. पदरानं डोळे पुसत बायका सांगायच्या, चूल चांगली हाय बाई, पर धूर लई करती. त्यात तक्रारीचा सूर नसायचा. सरकारी वस्तू अशीच असायची, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

मला वाटलं, यांना ती वापरता येत नाही. माझ्या भाड्याच्या खोलीत तशीच चूल होती, तेव्हा आपण वापरून दाखवू असं मी ठरवलं. चार महिने ती झकास चालली. मग एके सकाळी भाकरी टाकली आणि धूर नळीत जायचा सोडून माझ्या तोंडावर आला. मी शिडी लावून माळवदावर चढले आणि तुरीची एक वाळकी तुराटी नळीत घालून ढोसायला लागले. नळीचा वरचा तुकडा सुटला, घरंगळला आणि खाली अंगणात फुटला. घरमालकीण तिथं ज्वारी पाखडत बसली होती. ती ओरडली नाही. सूप उचलून पलीकडे सरकली आणि म्हणाली, आता तुमालाबी कळलं म्हना की.

महिन्याच्या बैठकीला तालुक्याला जायचं तर मी पुणतांबा स्टेशनवर गाडी धरत असे. स्टेशनबाहेर एक हॉटेल होतं, म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकं आणि मागं भट्टी. नळी फुटल्यानंतरच्या बैठकीला निघाले तेव्हा तिथे चहा पिताना प्रथमच माझं भट्टीकडे लक्ष गेलं. पहाटेपासून पेटलेली, कढईत भजी, आणि शेडमध्ये धुराचं नाव नाही. मालकाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, दर पंधरवड्याला धुराडं साफ होतं, स्टेशनामागच्या वस्तीतली एक बाई करते. तिचा नवरा रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये होता, म्हणून सगळे तिला शेडवाली म्हणतात. ती एकदा आजारी पडली तेव्हा याने स्वतः बांबू घालून पाहिला, आणि दोन दिवस गिऱ्हाईक आत बसेना.

परतीच्या गाडीतून उतरल्यावर मी सरळ तिच्या घरी गेले. बौद्ध वस्तीतलं कोपऱ्यावरचं घर. बाई चाळिशीच्या पुढची, उंच, नऊवारीचा काष्टा मारलेला, आणि नखं अशी स्वच्छ की ही काजळीत हात घालते यावर विश्वास बसू नये. तिने मला बसायला घोंगडी टाकली. मी तिला मावशी म्हणाले.

तिचा नवरा इंजिनाच्या बॉयलरच्या नळ्यांतून तारेचे ब्रश फिरवायचा. तेच काम करता करता त्याची छाती गेली आणि नोकरीही. मग त्याने हॉटेलचं धुराडं धरलं. पुढे चढवेना तेव्हा तो खाली खोक्यावर बसून सांगायचा आणि ही वरून करायची. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याची हत्यारं तिने फळीवर ओळीनं ठेवली होती. एकमेकांत बसणाऱ्या वेताच्या काठ्या, लहानमोठे तीन ब्रश, दोरीला बांधलेलं शिशाचं वजन आणि एक हातात मावेल एवढा आरसा.

मी गावातल्या चुलींचं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"गावकीची कामं आमी सोडलीत, बाई," ती म्हणाली. "कुनी हाक मारली अन् घान काढाया गेले, तसलं मी करनार न्हाई. हे शिकलेलं काम हाय, शिकलेल्यावानी करीन. पर नळी दोन्हीकडनं साफ व्हती. वरनं बी, चुलीकडनं बी. म्हंजे मला सैपाकघरात जावं लागंल. ते गावाला चालंल का, आधी इचारून या."

मी म्हणाले, विचारते.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीवर आली, नमुना म्हणून. आधी नाकातोंडावर ओला फडका बांधला आणि मलाही बांधायला लावला. चुलीची तोंडं भिजवलेल्या गोणपाटाने बंद केली. मग वर जाऊन नळीत वजन सोडलं आणि दोरी किती गेली ते बोटांनी मापलं. खाली येऊन भिंतीवर टिचक्या मारत कान लावला. नळी चुलीतून निघून भिंतीत वळते तिथे ती थांबली. म्हणाली, सगळं हितं हाय, कोपरात. वरून काठी घातली की वरची काजळी खाली जाऊन याच कोपरात घट्ट बसते, म्हणून ढोसणारा जितका जोर लावील तितका धूर वाढतो. मला माझी तुराटी आठवली.

तिने वरून अर्धी नळी घासली, मग खालून आखूड वाकणारी काठी घालून कोपर मोकळं केलं. पाटीभर काजळी निघाली. शेवटी दारातल्या उन्हाची तिरीप आरशावर घेऊन तिने नळीच्या आत पाडली आणि मला बघायला लावलं. आत मातीचा लाल रंग दिसत होता. चुलीच्या तोंडाशी पेटती वात धरली तेव्हा ज्योत नळीकडे वाकली. त्या दिवशी चहाला निम्मीच लाकडं लागली. गेले काही आठवडे सकाळी मला जो ठसका लागायचा तो मी नगरच्या हवेतून आल्याचा समजत होते. आठवड्याभरात तोही थांबला.

आता गावाला पटवायचं तर मोठ्या घरापासून सुरुवात करावी, असा माझा हिशेब. गावात एक मोठं बागायतदार घर होतं, ऊस, विहिरी, गोठा. त्या घरातल्या थोरल्या बाईंना सगळे आक्का म्हणत. सून नुकतीच बाळंत झालेली, दुसरं बाळंतपण म्हणून सासरीच. चूल निर्धूर, पण नळी तुंबलेली, आणि बाळंतिणीच्या खोलीत धूर शिरायचा. मी आक्कांना म्हणाले, स्टेशनकडून एक बाई येईल, नळी साफ करून देईल. त्या बरं म्हणाल्या. कुठली बाई, कुठल्या वस्तीतली, ती स्वयंपाकघरात येईल, यातलं मी काहीच बोलले नाही. आणि मावशींना मी सांगितलं की विचारलंय.

हे मी लपवत नाही. मला नकार ऐकायची भीती वाटली होती.

मावशी हत्यारांची पिशवी घेऊन आल्या. आक्का ओट्यावर होत्या. त्यांनी एकदा मावशींकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, शिडी बाहेरून लावा, वरूनच काय ते करू द्या, आत कशाला. मावशी शिडीजवळ उभ्या होत्या. त्यांनी पिशवी उघडलीच नव्हती.

"अर्धी नळी करून काम केलं म्हनायचं मला जमत न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या आणि निघाल्या.

मी त्यांच्या मागे वेशीपर्यंत गेले. त्या थांबल्या. "तुमी इचारलं न्हवतं," त्या म्हणाल्या. नव्हतं विचारलं, मी कबूल केलं. त्यांनी मला रागावून बोलायला हवं होतं असं मला वाटत होतं, पण त्या म्हणाल्या, "मग आता इचारा. मी घरीच हाय."

त्याच संध्याकाळी मी आक्कांकडे जाऊन सरळ विचारलं. त्यांनीही सरळच नाही म्हटलं, आणि आमच्या गड्याला बांबू काय धरता येत नाही का, असं वर विचारलं. गड्याने दुसऱ्या दिवशी बांबू धरला.

बाळाच्या बारशाला पाहुणे आले. सकाळी पुरणाला डाळ शिजत घातली आणि चुलीने जो धूर ओकायला सुरुवात केली तो दुपार होईतो थांबला नाही. मी पोहोचले तेव्हा बायका पदर तोंडाला लावून अंगणात आलेल्या, डाळ अर्धी कच्ची, आणि सून तान्ह्याला घेऊन गोठ्याच्या दारात बसलेली. बाळ खोकत होतं. ती सून सातवी शिकलेली, पण सासूपुढे कधी तोंड न उघडणारी. तिने माझ्याकडे पाहिलं.

"त्या शेडवाल्या बाईंना बोलवा," ती म्हणाली. "सैपाकघरात येऊ द्या त्यांना. बारसं माझ्या लेकराचं हाय."

आक्का तिथेच होत्या.

मी तापल्या उन्हात स्टेशनापर्यंत चालत गेले. मावशींनी विचारलं, कोण म्हणालं. सून, मी म्हणाले. आणि सासू? सासू काही म्हणाल्या नाहीत. मावशींनी पिशवी घेतली, पण वाटेत एकच सांगितलं की दारात मी स्वतः विचारणार, तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

पाहुण्यांनी भरलेल्या अंगणातून त्या पुढच्या दाराशी गेल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबल्या. आक्का आत उभ्या होत्या.

"आत येऊ का?"

आक्कांनी सुनेकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. मग दारातून बाजूला झाल्या. "ये बाई," त्या म्हणाल्या.

पाहुण्यांपैकी दोघी उठून मागच्या अंगणात गेल्या. मावशींनी तिकडे लक्ष दिलं नाही. गोणपाट भिजवलं, चूल विझवली, टिचक्या मारल्या. कोपरातून दगडासारखी घट्ट झालेली काजळी निघाली, मग चिमणीच्या घरट्याच्या काड्या, मग गड्याच्या बांबूचा तुटलेला शेंडा. तो त्यांनी आक्कांपुढे परातीत ठेवला. नंतर सुनेला हाक मारून आरसा तिच्या हातात दिला, नळीत कसं बघायचं ते दाखवलं आणि ओलं लाकूड घालू नका म्हणून सांगितलं, ओल्याची काजळी चिकट होते. पुरण तासाभरात शिजलं.

आक्कांनी चहा दिला, पण कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपात. मावशींनी कप पाहिला आणि म्हणाल्या, काम झालं, चहा मी घरी घेईन. मजुरी मात्र वरून टाकू न देता, हातात हात लागेल अशी घेतली. मी शरमले. त्या शरमल्या नव्हत्या.

त्यानंतर एकेक घर बोलवायला लागलं. मी प्रत्येक दारात आधी तोच प्रश्न विचारायचे, त्या स्वयंपाकघरात येतील, चालेल का? काहींनी नाही म्हटलं, आणि त्यांच्या नळ्या तुंबलेल्याच राहिल्या. ज्यांनी हो म्हटलं त्या घरांतल्या बायकांचे डोळे निवळले, भांडी बाहेरून काळी व्हायची थांबली, सरपण कमी लागायला लागलं. चहाचे कप काही घरांत एक झाले, काही घरांत झाले नाहीत. तसं ते मी इथे लिहून ठेवते.

हॉटेलवाल्यामुळे गुऱ्हाळवाल्यांपर्यंत बातमी गेली. देवळाली प्रवराकडच्या एका गुऱ्हाळाच्या मालकाने निरोप धाडला, चुलाण, म्हणजे काहिलीखालची भट्टी, ओढ घेत नाही, काहिलीतला रस उकळायला उसाची दुप्पट चिपाडं जळतात. आम्ही दोघी एस.टी.ने गेलो. भट्टीपासून धुराड्यापर्यंत धूर जमिनीखालच्या बोगद्यातून जायचा. मालक म्हणाला, भट्टीच वाढवू. मावशींनी वजन सोडलं, दोरी मापली आणि म्हणाल्या, भट्टी चांगली हाय, वाट बंद हाय. दिवसभर खपून त्यांनी बोगद्यातली राख आणि काजळी बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी रस उकळला तेव्हा चुलाणात जाळ घालणारा माणूस चिपाडाचा भारा हातात घेऊन नुसता उभा राहिला, कारण आणखी घालायची गरजच नव्हती. मालक मावशींना अहो-जाहो करत बसस्टँडपर्यंत सोडायला आला.

वर्षाच्या शेवटी तालुक्याहून साहेब आले. त्यांनी पेटत्या चुली पाहिल्या, खूश झाले आणि अहवालाचा कागद काढला. त्यात बांधलेल्या चुली असा रकाना होता, चालू चुली असा नव्हता. साफ कोण करतं, याला तर जागाच नव्हती. मी कागदाच्या मागच्या बाजूला ते लिहून दिलं आणि साहेबांना सही करायला सांगितलं. मागे सही चालत नाही, ते म्हणाले. मी म्हणाले, मग पुढे जागा करा. त्यांनी हसून मागेच सही केली.

दुष्काळ सरल्यावर माझी बदली पाथर्डीकडे झाली. तिथे निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली, उरलेल्यांत तीन दगडांच्या चुली. नव्या चुली बांधायचा हुकूम आलाच होता. पहिल्या बैठकीत मी बायकांना चुलीचं चित्र दाखवलं नाही. नळी कोण साफ करणार, एवढंच विचारलं. मग मावशींना पत्र टाकलं. त्या दोन एस.टी. बदलून आल्या, तीन दिवस माझ्या खोलीत राहिल्या आणि पुढे आलेल्या चार बायकांना काठ्या कशा जोडायच्या ते शिकवून गेल्या. आम्ही पहिली चूल बांधली ती त्यानंतर.