डोहातला शिंपला

सन १९५८, पौष महिना. पूर्णेच्या डोहावर हजर: आई, आठवा महिना लागलेली थोरली बहीण आणि मी. काम एकच, येणाऱ्या बाळाला दूध पाजायला शिंपला शोधायचा. आम्ही सगळी भावंडं ज्या शिंपल्यानं दूध प्यालो, तो तडकला होता.

पाणी ओसरलं की काठाला रिकामे शिंपले मिळत. आई एकेक धुवायची, आतून अंगठा फिरवायची आणि टाकून द्यायची. आत बारीक फोड होते. पूर्वी असा एखादाच निघे. पण हिवतापाची फवारणी सुरू झाल्यापासून माणसं डीडीटीचे पंप त्याच डोहात धुवायची, आणि फोडांचे शिंपले वाढले होते.

बहीण दगडावर बसून कंटाळली. म्हणाली, "आई, माझा नवरा बघताना एवढी पारख केली न्हाईस."

"नवऱ्याला बोलून सरळ करता येतंय," आई म्हणाली. "हे लेकराच्या ओठाला लागंल."

त्या फोडांचं कारण मला लग्नानंतर कळलं. माझे दीर जीवशास्त्र शिकवत. त्यांनी सांगितलं, किड्याचं पिल्लू आत शिरलं की शिंपला त्याच्यावर चकचकीत लेप चढवतो, तोच फोड. औषधाच्या पाण्यानं शिंपला अशक्त झाला, की किड्यांचं फावत असावं.

बहिणीला तिथंच बसवून आई मला वरच्या अंगाला घेऊन गेली. तिथं पंप पोचत नव्हते. फुटके तुकडे सापडले, ते आतून गुळगुळीत होते. अखंड मिळाला तो एकच, हाताच्या तळव्याएवढा, घट्ट मिटलेला. मी चाकू पुढं केला. आईनं तो शिंपला परत वाळूत ठेवला.

"ह्यात जीव हाय. रिकामा झाल्यावर नेऊ."

भाचा वाटी-चमच्यानं दूध प्याला. आई नंतर दर हिवाळ्यात वरच्या अंगाला जाऊन यायची, पण पुढं पंप तिथंही धुतले जाऊ लागले. ती रिकाम्या हातानं परतायची आणि पाय धुताना म्हणायची, "अजून जित्ताच असंल."

आई जाऊन बरीच वर्षं झाली. आता माझी लेक बाळंतपणाला आलीय. दुपटी शिवून झाली, वेखंड आणलं, काजळाची डबी घासून ठेवली, सुईणीला निरोप गेला. शिंपला तेवढा आणायचा राहिलाय.