आधी वाचून दाखवा

कागद पुढे आला की बाई पहिल्यांदा सहीच्या जागेवर तळहात ठेवत. पेन हातात घ्यायच्या आधी, चष्मा लावायच्याही आधी. तळहात पसरून, बोटं जरा फाकवून, जणू त्या जागेला वारा लागू नये. मग समोरच्याकडे बघून म्हणत, "आधी वाचून दाखवा."

समोर शिपाई असो, बँकेचा माणूस असो की तालुक्याचा साहेब, वाक्य तेच. गुजराती माणसाला गुजरातीत, "पहेलां वांची संभळावो." स्वतःला वाचता येत असूनही त्या दुसऱ्याला वाचायला लावत. "मी वाचलं तर मला कळेल," त्या म्हणत, "त्यांनी वाचलं तर त्यांना कळेल काय लिहून आणलंय."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. रांगेत ती आपल्या पुढे असली की आपण सुस्कारा टाकतो.

बाई आमच्या शाळेच्या मुख्याध्यापक होत्या. बडोद्याजवळच्या सावली तालुक्याच्या हद्दीतली सरकारी प्राथमिक शाळा, गुजराती माध्यमाची. बाई नागरवाड्यातल्या, मीही बडोद्याचाच. शाळेत सगळे त्यांना 'मोटां बेन' म्हणत, म्हणजे मोठ्या बाई. आम्ही दोघेच असलो की मराठी. मला त्या 'मास्तर' म्हणत, आणि त्या शब्दात थोडी चेष्टा असे. मी कमी बोलणारा, डब्याच्या सुट्टीतही पुस्तक उघडून बसणारा. माझं अक्षर चांगलं, म्हणून शाळेची सगळी इतिवृत्तं माझ्याकडे होती. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

एकदा तालुक्यातले एक अधिकारी निवृत्त झाले. समारंभात मानपत्रावर सगळ्या मुख्याध्यापकांच्या सह्या घ्यायच्या होत्या. वीस जणांनी केल्या. बाईंनी तळहात ठेवला. "चालो, वांचो." वाचणाऱ्याने कंटाळून सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीत थबकला. तिथे आदल्या वर्षी निवृत्त झालेल्या साहेबांचं नाव होतं. मांडव हसला. उत्सवमूर्ती हसली नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "गुण तेच आहेत, नाव तेवढं बदला."

त्यांच्या जाण्यानंतर बडोद्यात शोकसभा झाली. लोक बोलले. हसतमुख होत्या, सेवाभावी होत्या, सर्वांना सांभाळून घेत. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि माझे कान तापत होते. बाई हसतमुख नव्हत्या. त्यांनी कुणाला सांभाळून घेतलं नाही. त्या चिडत. मुलांवर कधीच नाही, मोठ्यांवर रोज. त्यांचा राग पुसून त्यांना गुळगुळीत करून भिंतीवर लावायचं चाललं होतं. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उठलो नाही. म्हणून हे लिहितो आहे, सावकाश, मला जमतं तसं.

आमच्या शाळेपासून दीड-दोन किलोमीटरवर, हमरस्त्याच्या पलीकडे, वीटभट्ट्या आहेत. दिवाळी झाली की दाहोदकडची कुटुंबं तिथे येतात आणि पावसाच्या आधी परत जातात. त्यांच्याबरोबर मुलं येतात. या मुलांसाठी सरकारी तरतूद नाही असं नाही. केंद्राच्या निधीतून ती येते: जितके महिने मुलं इथे आहेत तितके महिने खास वर्ग, त्यांची बोली येणारी एखादी शिक्षिका, ने-आण करायला वाहन. फक्त शाळेने आपल्या वार्षिक आराखड्यात ती मागावी लागते. आणि आराखड्यासाठी जी पटसंख्या धरतात तिची तारीख दिवाळीच्या आधीची असते. त्या तारखेला मुलं दाहोदला असतात. तिथली शाळा म्हणते, ही तर निघून जाणार. इथली म्हणते, अजून आलीच नाहीत.

बाई विचारत, "मोजायच्या दिवशी जो घरी नसतो तो जन्मालाच आला नाही का, मास्तर?"



आराखडा पालकांच्या समितीने ठरवायचा असतो. कागदावर तसंच असतं. सगळीकडची रीत मात्र अशी की समितीतल्या बायका कामावरून येतात, चहा पितात, कोऱ्या पानाच्या तळाशी अंगठे देतात आणि जातात. वरचा मजकूर मागून भरायचा, नमुना बघून. आमच्या शाळेत बाईंनी ही रीत मोडली. त्या ठराव मोठ्याने वाचायला लावत. बायका मध्येच अडवत, भांडत, एकीने तर 'उपरोक्त' म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय अंगठा दिला नव्हता. सभा दोन-दोन तास चाले.

यात सगळ्यात पुढे कंकूबेन. त्यांचे यजमान भट्टीवर राखणदार, म्हणून बाकीचे गेले तरी हे कुटुंब बारा महिने इथेच राही. त्यांचा मुलगा आमच्याकडे तिसरीत. कंकूबेनना अक्षर येत नव्हतं, पण ऐकलेला ठराव महिन्याने शब्दाला शब्द म्हणून दाखवत.

मी एकदा बाईंना विचारलं होतं, ही सवय कुठून लागली. त्या म्हणाल्या, "मीपण घेतलेत की असे अंगठे. पहिली दहा वर्षं. संध्याकाळी माझ्या बोटांना शाई लागलेली असायची आणि मला वाटायचं, आज खूप काम केलं."

त्या वर्षी डिसेंबरात बाईंनी स्वतः भट्ट्यांवर फिरून मुलांची नावं लिहून आणली. एकोणीस. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नाव, वय, आईचं नाव, कोणत्या भट्टीवर. ती मुलं शाळेत येऊन व्हरांड्यात बसूही लागली होती. आराखड्यात खास वर्ग आणि वाहन मागायचं ठरलं. मग बाईंच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्यांसाठी त्या तीन दिवस दवाखान्यात दाखल झाल्या. कॅलेंडरचं पान त्यांच्या पिशवीत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सीआरसी आले. आठ-दहा शाळांवर देखरेख करणाऱ्या माणसाला आमच्याकडे सगळे असंच म्हणतात. स्वभावाने वाईट गृहस्थ नाहीत. घामाघूम झाले होते. आराखडे आज संध्याकाळपर्यंत ऑनलाइन चढवायचे होते आणि आमचा एकच राहिला होता.

"गेल्या वर्षीचाच घ्या ने, साल बदला," ते म्हणाले. "गरजेच्या खान्यात शून्य लिहा. गरज दाखवली की यादी जोडा, फोटो जोडा, जागेचा नकाशा जोडा. आता कुठून आणणार?"

मी म्हणालो, "बाईंना फोन करतो."

"आजारी माणसाला कशाला त्रास?"

हे वाक्य मला किती सोयीचं वाटलं ते मला आठवतं. मी पेन उघडलं आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: शाळेच्या परिसरात स्थलांतरित अथवा शाळाबाह्य बालक नाही, सबब खास वर्ग व वाहनाची आवश्यकता नाही. खिडकीबाहेर व्हरांड्यात एकोणीस मुलं पाढे म्हणत होती. त्यांचा आवाज येत होता. तो ऐकत मी हे लिहिलं.

बायकांना बोलावलं. चहा झाला. कंकूबेननी रजिस्टर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मोटां बेने वांच्युं छे?" मोठ्या बाईंनी वाचलंय ना?

मी म्हणालो, "हा."

त्यांनी लगेच अंगठा दिला. मागोमाग सगळ्यांनी दिले. सभा दहा मिनिटांत संपली. सीआरसी म्हणाले, "जुओ, केटलुं सहेलुं!" किती सोपं!

बाई सोमवारी परत आल्या. रजिस्टर उघडून वाचलं. मी समोर उभा. त्यांनी पान पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाल्या, "तुमचं अक्षर फार चांगलं आहे हो मास्तर. खोटंसुद्धा किती छान दिसतं."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी समितीला बोलावलं, रजिस्टर माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आता वाचून दाखवा."

मी वाचलं. गुजरातीत, सगळं, खालच्या अंगठ्यांपाशी येईपर्यंत. कंकूबेननी दाराबाहेर बसलेल्या मुलांकडे बोट केलं. "तो आ बधां कोण छे?" मग ही सगळी कोण आहेत? आणि आपला अंगठा उलटा-सुलटा करून असा पाहिला, की जणू तो त्यांचा नव्हताच.

बाई, मी आणि कंकूबेन तालुक्याला गेलो. साहेबांनी खुर्च्या दिल्या. म्हणाले, पोर्टल बंद झालंय, आता काही होणार नाही, आवता वर्षे. पुढच्या वर्षी.

"पुढच्या वर्षी ही मुलं याच वयाची राहतील का?" बाईंनी विचारलं.

"मोटां बेन, चहा घ्या."

"चहा नको. होणार नाही, एवढं लिहून द्या."

ते लिहून देईनात. बाई उठेनात. साहेब जेवून आले, एका बैठकीला जाऊन आले, घरी गेले. शेवटी शिपायाने पंखे बंद केले तेव्हा आम्ही उठलो. बाहेर आल्यावर कंकूबेन म्हणाल्या, त्या खोलीत इतके कागद होते, कुणी कुणाला वाचून दाखवत नव्हतं. बाई त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

मग वर्गही त्यांनीच घेतला आणि वाहनही त्याच झाल्या. सकाळी हमरस्त्याच्या अलीकडे जाऊन उभ्या राहत. मुलं पलीकडे जमत. बाई रस्त्यात उतरत आणि तोच तळहात ट्रकपुढे धरत. बाजव्याच्या रिफायनरीकडे जाणारे टँकर त्या हातापुढे थांबलेले मी पाहिले आहेत. ड्रायव्हर शिव्या देत. बाई वळून बघतही नसत. मुलं मोजून पार झाली की हात खाली. मी म्हणालो, उद्यापासून मी जातो. म्हणाल्या, "तुम्ही पहिलीचा वर्ग सांभाळा. ते तरी नीट करा." जवळपास महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मी तक्रार करत नाही.

फेब्रुवारीत त्यांना चालवेनासं झालं. आता मी रस्त्यावर जाऊ लागलो. पण मुलांच्या आया मला ओळखत नव्हत्या, आणि ज्या ओळखत होत्या त्यांना मी काय लिहिलं होतं ते माहीत होतं. एकोणिसांची सहा झाली. बाकीची तेरा मुलं विटा उलटवायला गेली. त्यांतल्या एकीला बाईंनी आपलं नाव लिहायला शिकवलं होतं, पहिल्या दोन अक्षरांपर्यंत. वाहन असतं तर तिसरंही आलं असतं. याला मी नशीब म्हणणार नाही. ज्याने ते शून्य लिहिलं त्याला नाव आहे, ज्यांनी लिहायला लावलं त्यांना पदं आहेत.

ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्यात गेलो होतो. घरच्यांनी संमतीपत्र पुढे केलं. बाईंनी तळहात ठेवला. हात फार बारीक झाला होता. तरुण डॉक्टर घाईत होता, म्हणाला, "मावशी, सगळे करतात सही." बाई म्हणाल्या, "सगळ्यांचं पोट आहे का हे? वाचा." तो वाचू लागला. जिवाला धोका आहे, या ओळीवर त्याचा आवाज उतरला, आणि त्याने मान वर करून पहिल्यांदा बाईंकडे नीट पाहिलं. बाईंनी हात उचलला. "हं. आता द्या पेन."

मला म्हणाल्या, "कॅलेंडरचं पान कपाटात आहे. दिवाळीनंतर नवीन करा. जुन्यावरून उतरवू नका, मुलं बदलतात."

दिवाळीच्या आधीच त्या गेल्या.

दिवाळीची सुट्टी संपली. मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे आला. पहिल्याच आठवड्यात समितीची सभा. विषय एक, दिवंगत मुख्याध्यापकांबद्दल शोकठराव. विषय दोन, पुढच्या वर्षाचा आराखडा. सीआरसी आले होते. खरोखर हळहळले. मग घड्याळ पाहून म्हणाले, "दोन्हीसाठी एकाच पानावर सह्या घ्या ने. शोकठरावाचा नमुना मी मोबाईलवर पाठवतो, सगळ्या शाळांत तोच चालतो. मजकूर पछी लखी लेजो." मजकूर नंतर लिहून घ्या.

बाईंच्या नावाने कोरं पान फिरवायला निघाला होता तो माणूस. मी काही बोलणार, तेवढ्यात कंकूबेननी रजिस्टर आपल्याकडे ओढलं आणि पानाच्या तळाशी तळहात ठेवला. बोटं जरा फाकवून.

"पहेलां वांची संभळावो."

सीआरसी म्हणाले, "बेन, पण हे कोरं आहे."

"तो लखो." मग लिहा. "अमे बेठां छीए." आम्ही बसलो आहोत.

मी पेन उघडलं आणि वर विषय एक लिहायला घेतला. कंकूबेननी मान हलवली. "पहेलां छोकरांनां नाम. मोटां बेननुं पछी." आधी मुलांची नावं, मोठ्या बाईंचं मागून.

त्यांना पाठ होती. कोणत्या भट्टीवर कोण आलंय, कुणाचं वय किती, आईचं नाव काय. त्या सांगत गेल्या, दुसऱ्या बायका मध्ये दुरुस्त्या करत गेल्या, मी लिहीत गेलो. सीआरसी दोनदा उठले आणि दोनदा बसले. प्रत्येक पाच नावांनंतर कंकूबेननी मला थांबवून वाचायला लावलं. मी वाचलं. पान भरलं तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं, आणि शोकठरावाला जागा उरली नव्हती.