मामांनी साल फेकलं

थांबा, हातातलं काम ठेवा, हे आत्ताच सांगायला पाहिजे. मी जिंतूरच्या टायपिंग क्लासात बसलेय, सरांनी दिलेला अर्ज अर्धाच सोडून हे टाइप करायलेय, कारण सकाळी ताईचं पत्र आलंय आणि त्यात लिहिलंय की पंधरा दिवसांमागं मामांनी डाळिंब खाल्लं आणि साल फेकून दिलं.

तुमाला काहीच वाटलं नसेल, कारण तुमी मामांना ओळखत नाही. मामा म्हणजे ताईचे सासरे, झरीचे, शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुऊन धुऊन रिटायर झालेले. अख्ख्या परभणी जिल्ह्यात या माणसानं आजवर काही म्हणजे काहीही फेकलेलं नाही. साल, बी, कोय, देठ, चोथा, फोलपट, सगळं त्यांच्या घरी मुक्कामाला. "गर खाऊन लोक मोकळे होतेत," असं ते म्हणायचे, "आन् खरं औषध उकिरड्यावर." पाहुण्याला टोपी अडकवावी म्हणलं तर खुंटीवर कांद्याच्या सालींची पिशवी. बाजेखाली चिंचोके, माळवदावर आंब्याच्या कोया, देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या पाठीमागं मोसंबीच्या साली, कारण तिथं ऊन बरोबर येतं. सगळ्याची पूड करून डब्यात, डब्यावर चिठ्ठी. 'पपई बी, पोटासाठी.' 'कोय, केसांसाठी.' एका डब्यावर नुसतं 'उपयोग नक्की आहे.'

चिंचोक्याची खळ करून त्यांनी एकदा धोतराला दिली, तर सकाळी धोतर मामांच्या आधी उभं. करडई फुलली की भर उन्हात हातात पायमोजे घालून काट्यांतनं पाकळ्या वेचायचे आणि घरादाराला त्याचा चहा पाजायचे. आत्याबाई, म्हणजे ताईची सासू, म्हणायच्या, "माझं अर्धं आयुष्य गेलं, चहा प्यालेय का न्हाई हेच कळंना." आणि शाई! डाळिंबाची साल उकळायची, त्यात गंजके खिळे टाकायचे, दोन दिवसांत काळीभोर शाई तयार. झरीची निम्मी पोरं आपल्या शाईनं पास झाली, असं मामा सांगायचे. बाकीची निम्मी कोणत्या शाईनं नापास झाली, ते कधी सांगितलं नाही. ही शाई लक्षात ठेवा.

ताईला बघायला बोरीला आमच्या घरी आले, तेव्हा दाजी ताईकडं बघायलेत, ताई जमिनीकडं, आणि मामा पपईच्या ताटलीकडं. नाव नाही, शिक्षण नाही, एकच प्रश्न. "पोरी, बिया कुठं टाकल्यास?"

ताई घाबरून म्हणाली, "पत्र्यावर हायत."

"वाळत घातल्यास?"

"वाळायल्यात."

मामा वडलांकडं वळले. "पोरगी पसंत हाय." खरं सांगू का, उकिरड्यापर्यंत जायचा कंटाळा म्हणून ताईनं त्या खिडकीतनं शेजारच्या पत्र्यावर भिरकावल्या होत्या. हे मामांना अजून माहीत नाही. तुमी सांगू नका.

मग लगीन. आमच्याकडं नवरदेवाला हळद लागली की उरलेली उष्टी हळद नवरीकडं येते, आणि नवरीला तीच लावायची, दुसरी चालत नाही. तोंडावर तेज यावं म्हणून मामांनी त्या हळदीत गुपचूप डाळिंबसालीची पूड कालवली. दाजींना लावली, दाजी सोन्यासारखे दिसायले म्हणे. उरलेली मडक्यात भरली, तर त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद, एसटी नाही. आत्याबाई म्हणाल्या, "गड्याला पाठवा की." मामा म्हणाले, "न्हाई, प्रयोग माझा हाय," आणि मडकं सायकलला बांधून निघाले.

अर्ध्या रस्त्यात खडी. सायकल पंक्चर, मडकं फुटलं. मामांनी वरची चांगली हळद ओंजळीनं उचलली आणि रस्त्याच्या कामावरच्या बायांकडनं एक घमेलं मागून त्यात भरली. ते डोक्यावर घेऊन, एका हातानं सायकल ढकलत, दुपारभर उन्हातनं चालत बोरीला आले.

आमच्या काकूनं घमेल्यात बघितलं. "अशी मळकट का दिसायली हो?"

"मुरलीय," मामा अभिमानानं म्हणाले.

लावली. गाणी झाली, बायका हसल्या, ताई लाजली. मग ताईनं तोंड धुतलं. पिवळं गेलं आणि काळं राहिलं. कपाळ, गाल, दोन्ही हात कोपरापर्यंत. काकूच आधी बोलली, "हे लक्षण चांगलं न्हाई. उद्याचं लगीन थांबवा." ताई आरशात बघून रडायली, आणि रडताना तेवढ्या दोन रेघा गोऱ्या व्हायल्या.

मामा जवळ आले. तिच्या हातावर बोट फिरवलं, वास घेतला, आणि अगदी हळू म्हणाले, "शाई झाली."

"काय झालं?" काकू ओरडली.

"घमेलं लोखंडी होतं, बाई." आणि ज्या माणसानं जन्मभर खिळे घालून शाई केली, तो डोक्याला हात लावून जमिनीवर बसला. बसला आणि लगेच उठला. "पाव्हण्यांना सरबत केलतं न्हवं? लिंबं कुठं टाकली?"

"कुठं टाकतेत? उकिरड्यावर."

मामा पळाले. त्यांच्या मागं वडील, मागं काकू, मागं मी. लग्नघरातली शहाणी माणसं उकिरडा उपसायली. पिळलेल्या लिंबांच्या फोडी टोपलीभर आणल्या, धुतल्या, आणि मामा ताईसमोर बसून मीठ लावून एकेक फोड तिच्या हातावर घासायले. ताई चुरचुरतंय म्हणून ओरडायली. मामा खाली मान घालून म्हणाले, "पोरी, चूक माझी हाय. अशा घरात यायचं नसंल तर सांग, मी तुझ्या बाजूनं बोलतो."

ताईनं अर्ध्या काळ्या तोंडानं त्यांच्याकडं बघितलं. "मामा, दुसरी फोड घ्या. हिच्यातलं संपलं."

दुसऱ्या दिवशी लगीन लागलं. उजव्या कानामागं थोडी शाई राहिली, पण फोटो बिनरंगी होते, कुणाला दिसली नाही.

आता ताई लिहितेय की मामा दिवसभर बाजेवर बसून असतेत. त्या दिवशी एक डबा उघडून विचारलं, "हे कशाचं हाय?" चिठ्ठी वाचली आणि तरी विचारलं. मग डाळिंब खाल्लं आणि साल भिंतीवरनं पलीकडं टाकलं, चारचौघांसारखं. आत्याबाई जन्मभर याचीच वाट बघत होत्या, आणि आता स्वयंपाकघरात जाऊन त्याच रडल्या.

ताई मागच्या दारानं गेली, साल उचलून आणलं, धुतलं आणि पत्र्यावर वाळत घातलं. या वेळी खरंच घातलं. पूड करून डब्यात भरली आणि चिठ्ठी स्वतः लिहिली, 'डाळिंब. लोखंडापासून लांब ठेवा.' मामांनी ती वाचली, बराच वेळ वाचली, आणि म्हणे थोडंसं हसले.

सर इकडं यायलेत, अर्ज मागतील. तेवढ्यात एवढंच सांगा, तुमच्याही घरी असं झालंय का? ज्या खोडीनं सगळं घर वैतागलेलं असतं, ती एक दिवस आपोआप सुटते, आणि मग घरातलंच कुणीतरी गुपचूप ती पुढं चालवायला लागतं?