एक आटा जास्त

"बंद करा! गाडी बंद करा आधी!" मी गॅरेजच्या आतूनच ओरडलो.

लोखंड ॲल्युमिनियमला घासल्याचा तो आवाज थेट दातांत शिरत होता. गाडी साडेतीनशे सीसीची, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर सोनवण्यांची. मागे सिस्टर, मांडीवर लसींचा डबा, डब्यात बर्फ. आमच्या शिरपूरहून दोघं सातपुड्यातल्या एका पाड्यावर निघाले होते. नव्वदच्या आसपासची गोष्ट.

"सकाळीच तुमच्याकडून नेली ना?" डॉक्टर म्हणाले. "केंद्रापर्यंत नुसती कुरकुर होती. आता हे."

"भाऊ, कितला येळ लागी?" सिस्टरनं विचारलं. "बरफ दुपारलोंग टिकी, बस. मांगला महिनाले बी आम्ही पोचनूत नही. बाया पोरे लिसन बशेल शेतस. आज नही गवूत ते त्या परत येवाव नहीत."

"बघतो अक्का. बाया पोरं घेऊन ताटकळायला नकोत."

गाडी स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये चालू केली. आवाज नाही. क्लच दाबला, कर्रर्र! सोडला, बंद. पुन्हा दाबला, पुन्हा तेच.

इंजिनची ताकद चेननं गिअरबॉक्सकडे जाते. मध्ये क्लच असतो. ह्या भागाला आम्ही प्रायमरी म्हणतो. तो सगळा तेलात बुडालेला असतो आणि वरून ॲल्युमिनियमचं कव्हर. कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं, कडेनं तेल अडवणारी रबरी रिंग.

"क्लचचं बेअरिंग गेलं असणार," मी ठोकून दिलं. "धुळ्याहून मागवावं लागेल. उद्या."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. सिस्टरनं डबा सावलीत नेला आणि वर ओलं गोणपाट टाकलं.

मी मधल्या नटाला पाना लावला. हलेना. पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घालून जोर केला, तेव्हा कट्कन सुटला. हा नट एवढा कोणी आवळला, ते मला पक्कं आठवलं.

माझी एक खोड होती. गाडी दुरुस्त केली की रात्रभर खाली वर्तमानपत्र ठेवायचो आणि सकाळी गिऱ्हाइकाला कोरा कागद दाखवायचो. आपल्याकडची गाडी गळत नाही म्हणून मिरवायचो. त्या सकाळी डॉक्टरांच्या गाडीखालच्या कागदावर तेलाचा डाग होता. डॉक्टर यायची वेळ झालेली. मी पाइप लावून नट अजून आवळला, कव्हरवरचं तेल पुसलं आणि नवा कागद अंथरला. ट्रायल आदल्या संध्याकाळीच झाली होती, पुन्हा घेतली नाही.

कव्हर उघडलं. आतल्या बाजूला अर्धगोल चकचकीत ओरखडा आणि तेलात चंदेरी चुरा. क्लच दाबला की त्याची प्लेट जरा बाहेर येते. नट आवळून आवळून मी कव्हरचं पोट आत ओढलं होतं. प्लेट त्यालाच घासत होती.

बेअरिंगचं तर मी बोलून बसलो होतो. तेच पुढे रेटलं असतं तर डॉक्टरांना कळलंही नसतं. खरं सांगतो, क्षणभर मनात आलं. तेवढ्यात सिस्टरनं गोणपाट उचलून डब्यावर तळहात ठेवला. मला लाज वाटली.

"डॉक्टर, बेअरिंग ठीक आहे. नट मी जास्त आवळला. चूक माझी."

त्यांनी वाकून ओरखड्यावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "आता काय करायचं?"

"नवी रिंग नाहीये. जुनीच टाकतो, नट बेतानं आवळतो. तेल थोडं गळेल, पण घासणार नाही."

"गळू द्या. किती वेळ?"

"वीस मिनिटं."

चुरा रॉकेलनं धुतला. कव्हर उन्हात फिरवून तडा बघितला, नव्हता. नवं तेल, जुनी रिंग, नट. हात सवयीनं पाइपकडे गेला, तो मागे घेतला. मग गाडी चालू करून वीस वेळा क्लच दाबला. आवाज नाही.

ते गेले. दुपारी मला जेवण गेलं नाही. रस्त्यावर कुठलीही मोटारसायकल वाजली की मी बाहेर यायचो.

ऊन उतरताना ते परतले. गाडीला फक्त तिचाच आवाज होता. सिस्टरनं रिकामा डबा उघडून दाखवला. "बठ्ठा पोरेस्ले टोची उनूत, भाऊ!"

डॉक्टरांनी गाडी नेमकी माझ्या वर्तमानपत्रावर उभी केली. टप्. जरा वेळानं अजून एक.

"मिस्त्री, गळतंय बरं का."

"दिसतंय, साहेब."

पुढच्या आठवड्यात नवी रिंग टाकली आणि गळती थांबली. पाइप मी भंगारात दिला. गाडीखाली कागद अजूनही ठेवतो, पण तो आता कोरा असो की डागाळलेला, आधी क्लच दाबून बघतो.